फास्ट गाडी आपल्या फाट्यावर थांबते का? शहरातल्या प्रवासाचं इंग्रजी

कोणी बसमध्ये ऐकत असाल, कोणी होस्टेलच्या गच्चीवर, कोणी मोटर चालू करून बांधावर बसला असाल. आजचा भाग सगळ्यांसाठीच आहे, पण खास त्यांच्यासाठी जे येत्या काही महिन्यांत पहिल्यांदाच पुण्या-मुंबईला निघणार आहेत. शिकायला, परीक्षेला, नाहीतर नोकरी शोधायला.

झालं असं की एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, शहरात बस आणि मेट्रोत लागणारं इंग्रजी एकदा सांगा ना. पाट्या वाचता येतात, पण नेमकं काय करायचं ते कळत नाही." मला वाटलं, दहा मिनिटांत पन्नास शब्द सांगून टाकू. यादी करायला बसलो आणि पहिलाच शब्द लिहिला, फास्ट. तिथंच थांबलो. कारण त्या एका शब्दापायी माझी एक मुलाखत गेली आहे.

2019 सालची गोष्ट. बीटेक नुकतंच झालेलं. कांजूरमार्गजवळच्या एका कंपनीत सकाळी साडेदहाला मुलाखत होती. आदल्या रात्री ठाण्यात मित्राच्या खोलीवर मुक्काम केला. सकाळी मित्र कामावर निघून गेला, जाताना म्हणाला, "लोकल पकड, पंधरा-वीस मिनिटांत पोचशील." मी ठाणे स्टेशनवर गेलो. ही गर्दी! एकाला विचारलं, "मुंबईकडं जाणारी फास्ट कुठं लागते?" त्यानं बोट दाखवलं. मी मनात खूश. उशीर नको, म्हणून आपण फास्टच घेतली, कसं!

गाडी सुटली. मुलुंड गेलं, नाहूर गेलं, भांडुप गेलं. आणि मग माझ्या डोळ्यांसमोरून कांजूरमार्गची पिवळी पाटी सर्रकन मागं गेली. गाडी थांबलीच नाही. शेजारच्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, ही फास्ट आहे. कांजूरला स्लोनं यायचं असतं. आता उतरा घाटकोपरला." घाटकोपरला उतरलो, पूल चढलो, चुकीच्या फलाटावर उतरलो, परत चढलो. उलट्या दिशेची स्लो पकडून विक्रोळी, मग कांजूर. कंपनीच्या गेटवर पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. आतून निरोप आला, तुमची बॅच झाली. बस्स. घरी फोन करून बाबांना सांगितलं, "गाडी लेट झाली." गाडी लेट नव्हती. मला एका शब्दाचा अर्थ माहीत नव्हता आणि विचारायची लाज वाटली होती. हे मी घरी काही महिने सांगितलं नाही.

मग दिवाळीला रिठदला गेलो. एक दिवस बाबा आणि मी आत्याच्या गावाहून परत येत होतो. फाट्यावर एसटीची वाट बघत उभे. एक गाडी आली, मी हात केला, ती धुरळा उडवत निघून गेली. बाबा म्हणाले, "पाय, जलद होती ते. इथं कायले थांबते? आपल्याले साधी पाह्यजे." आणि मला तिथंच हसू आलं, मग रडू आल्यासारखं झालं. मी त्यांना खरी गोष्ट सांगून टाकली. त्यांनी ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाले, "म्हंजे तुयी मुंबईची फास्ट म्हंजे आपली जलदच की बे. मंग तुले तं माहीत होतं!"

खरंच माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. जलद गाडी म्हणजे ड्रायव्हर जोरात हाणतो ती नाही, मधले थांबे सोडते ती. साधी म्हणजे रडतखडत चालणारी नाही, सगळीकडं थांबणारी. मुंबईची फास्ट आणि स्लो म्हणजे नेमकं हेच. पण शब्द इंग्रजी आला की आपण आपलं डोकं बाजूला ठेवतो आणि डिक्शनरीतला अर्थ धरून बसतो. आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय. शहरातलं प्रवासाचं इंग्रजी पाठ करायचं नसतं. ते आपल्या एसटीशी जुळवून बघायचं असतं.

आधी हिशेब करू की आपल्याकडं इंग्रजी किती आहे. तिकीट, स्टँड, स्टॉप, डेपो, ड्रायव्हर, कंडक्टर, पास, सीट, लगेज, हाफ तिकीट. आपली आजी हे सगळे शब्द वापरते. एसटी हाच मुळात स्टेट ट्रान्सपोर्टचा शॉर्टफॉर्म. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, तेव्हापासून हे शब्द गावोगाव फिरतायत. आणि बस हा शब्द तर भारीच आहे. मूळ लॅटिन शब्द ऑम्निबस, म्हणजे सर्वांसाठी. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या सार्वजनिक गाडीला ते नाव पडलं. पुढं लोकांनी ऑम्नि सोडून दिलं आणि शेवटचं शेपूट ठेवलं, बस. म्हणजे खुद्द इंग्रजांनीसुद्धा हा शब्द उसनाच घेतला आणि तोडून-मोडून वापरला. आपण येष्टी म्हणलं तर कुणाला हसायचं कारण नाही.

आता येऊ फसवणाऱ्या शब्दांकडे. म्हणजे असे शब्द जे आपल्याला माहीत आहेत, पण प्रवासात त्यांचा अर्थ दुसराच निघतो.

पहिला, बोर्डिंग. आपल्याकडं बोर्डिंग म्हणजे पोरांचं वसतिगृह. ट्रॅव्हल्सचं तिकीट मोबाइलवर काढताना बोर्डिंग पॉइंट विचारतात, तिथं अर्थ आहे गाडीत बसायची जागा. ड्रॉपिंग पॉइंट म्हणजे उतरायची जागा. घाईघाईत यादीतलं पहिलं नाव दाबलं, तर गाडी एका चौकात आणि तुम्ही दुसऱ्या चौकात, असं होतं.

दुसरा, फर्स्ट क्लास. आपल्याकडं फर्स्ट क्लास म्हणजे साठ टक्के. मुंबई लोकलमध्ये फर्स्ट क्लास म्हणजे वेगळा डबा आणि वेगळं, बरंच महाग तिकीट. माझा एक मित्र मोकळा डबा दिसला म्हणून आनंदानं चढला. टीसीनं पकडलं. रेल्वेत विनातिकीट किंवा चुकीच्या वर्गाच्या तिकिटावर सापडलं तर कमीत कमी 250 रुपये दंड, वर भाडं वेगळं. मित्र म्हणतो, आयुष्यात मला मिळालेला तो एकच फर्स्ट क्लास!

तिसरा, अप आणि डाउन. आपल्याकडं मास्तर लोक वाशिमहून गावाला रोज अप-डाउन करतात, म्हणजे जाऊन-येऊन नोकरी करतात. मुंबईच्या रेल्वेत या शब्दांना दिशा आहे. सीएसएमटीकडं किंवा चर्चगेटकडं जाणारी गाडी अप, तिथून बाहेर निघणारी डाउन. चढ-उताराशी काही संबंध नाही. त्या दिवशी ठाण्याहून कांजूरला मला पाहिजे होती अप स्लो. फक्त दोन शब्द. ते माहीत असते तर मी त्यांच्या जोरावर बरोबर फलाटावर उभा राहिलो असतो.

चौथा, टॅप. टॅप म्हणजे नळ हे शाळेत शिकलो. मेट्रोच्या गेटवर टॅप करा म्हणजे कार्ड त्या चौकोनावर टेकवा. घासायचं नाही, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. क्यूआर तिकीट असेल तर ते स्कॅन करायचं, म्हणजे मोबाइलचा पडदा काचेसमोर धरायचा. आणि इथं एसटीपेक्षा एक गोष्ट वेगळी आहे. एसटीत एकदा तिकीट काढलं की कंडक्टरची जबाबदारी. मेट्रोत आत जाताना पण तिकीट दाखवायचं आणि बाहेर पडताना पण. एंट्री आणि एक्झिट, दोन्हीकडं. त्यामुळं तिकीट फेकू नका, फोनमधून डिलीट करू नका, आणि चार्जिंग संपू देऊ नका.

पाचवा शब्द माझ्या धंद्यातला, टर्मिनेट. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. रेल्वेत मात्र धिस ट्रेन विल टर्मिनेट ॲट ठाणे म्हणजे ही गाडी ठाण्यापर्यंतच, पुढं जाणार नाही. टर्मिनस म्हणजे शेवटचं स्टेशन. आणि शॉर्ट टर्मिनेट ऐकलं की कान टवकारा. त्याचा अर्थ, गाडी ठरलेल्या गावाच्या आधीच थांबवणार आहेत. पावसाळ्यात हे शब्द जास्त ऐकू येतात.

त्याच घराण्यातले आणखी काही. लेट म्हणजे गाडी वाटेत मागं पडली. रीशेड्यूल म्हणजे गाडी निघणारच उशिरा, सुटायची वेळच बदलली. डायव्हर्ट म्हणजे रस्ता बदलला, तुमचं स्टेशन गळू शकतं. कॅन्सल म्हणजे विषय संपला. लांबच्या रेल्वेचं एक ध्यानात ठेवा. गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर पूर्ण पैसे परत मागता येतात, पण त्यासाठीचा अर्ज गाडी सुटायच्या आत करावा लागतो. म्हणजे लेट हा शब्द नीट ऐकला तर खिशातले पैसे वाचतात. आणि मेगाब्लॉक! रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवतात किंवा दुसऱ्या रुळावरून वळवतात, तो मेगाब्लॉक. रविवारी मुंबईत परीक्षा असेल तर शनिवारीच बघून ठेवा, कुठल्या लाइनवर मेगाब्लॉक आहे.

आता थोडं मन हलकं करणारं सांगतो. गोंधळ उडतो तेव्हा दर वेळी आपणच अडाणी असतो असं नाही. दादर स्टेशन घ्या. तिथं पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वे आहेत. कित्येक वर्षं दोन्हीकडं फलाटांचे नंबर एकपासून सुरू व्हायचे. म्हणजे एकाच दादरमध्ये दोन-दोन एक नंबर! फलाट एकवर भेटू असं ठरवून दोघं दोन ठिकाणी उभे. शेवटी डिसेंबर 2023 मध्ये रेल्वेनं नंबर बदलले. पश्चिमचे 1 ते 7 तसेच राहिले आणि मध्यचे 8 ते 14 झाले. म्हणजे लोक गोंधळतात यात चूक पाटीची होती, हे रेल्वेनंच मान्य केल्यासारखं झालं. मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवरची अक्षरं पण अशीच. टी म्हणजे ठाणे, के म्हणजे कल्याण, इथवर ठीक. पण कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस! आता हे कुठल्या डिक्शनरीत सापडणार? हे बाजूच्या माणसालाच विचारावं लागतं. मुंबईत जन्मलेल्यानंही ते कधीतरी कुणाला तरी विचारलेलंच असतं.

आता पुण्याचं एक उदाहरण पूर्ण करू, म्हणजे मेट्रोचे शब्द जागेवर बसतील. आपल्याकडच्या ट्रॅव्हल्स नगर रोडनं पुण्यात शिरतात. समजा तुम्ही सकाळी रामवाडीजवळ उतरलात आणि जायचंय पिंपरीला. रामवाडी मेट्रो स्टेशनवर जा. आत पाटी दिसेल, टुवर्ड्स वनाज. टुवर्ड्स म्हणजे च्या दिशेनं. मेट्रोत दिशा नेहमी शेवटच्या स्टेशनच्या नावानं सांगतात. आपल्या एसटीच्या कपाळावरची पाटी तशीच असते ना? पाटीवर रिसोड लिहिलेलं असतं, मधलं गाव लिहिलेलं नसतं, पण आपल्याला कळतं की ही आपल्या गावावरून जाणार. तेच इथं. वनाजला जायचं नसलं तरी वनाजकडची गाडी पकडायची.

ही ॲक्वा लाइन. मग उतरायचं जिल्हा न्यायालय स्टेशनला. जुने लोक अजून सिव्हिल कोर्ट म्हणतात, दोन्ही एकच. इथं पाटी दिसेल, इंटरचेंज. इंटरचेंज म्हणजे गाडी बदलायची जागा. आपण वाशिमला उतरून दुसरी एसटी पकडतो तेच, फक्त इथं स्टेशनच्या बाहेर पडायचं नाही आणि नवीन तिकीट काढायचं नाही. ॲक्वा लाइन वर पुलावर आहे, पर्पल लाइन खाली जमिनीच्या पोटात. सरकते जिने उतरत जायचं आणि पाटी शोधायची, टुवर्ड्स पीसीएमसी. पीसीएमसी म्हणजे पिंपरी चिंचवड महानगरपालिका. चुकून एक्झिटच्या गेटमधून बाहेर पडलात तर मात्र पुन्हा तिकीट. गाडीत आवाज येतो, डोअर्स विल ओपन ऑन द लेफ्ट, दारं डावीकडं उघडतील. हे तिन्ही भाषांत सांगतात, मराठी आधी ऐका, मग इंग्रजी कानावर पडू द्या. चार दिवसांत आपोआप पाठ होतं, फुकटची शिकवणी आहे ती.

आता एक शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. इमर्जन्सी एक्झिट. एसटीत बघा, खिडकीजवळ लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. आपण हजार वेळा वाचलंय आणि एकदाही तिकडं नीट बघितलेलं नाही. 1 जुलै 2023 च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या ट्रॅव्हल्सला अपघात झाला. गाडी डाव्या अंगावर पडली. दार त्याच बाजूला, ते खाली दबलं. आग लागली. 25 जण गेले. जे वाचले त्यांच्यातले काही खिडकीची काच फोडून बाहेर पडले होते. ही आपल्याच भागातली पोरं होती, विदर्भातली, पुण्याला निघालेली. तुमच्या-माझ्यासारखी.

म्हणून हात जोडून सांगतो. ट्रॅव्हल्समध्ये चढलात की मोबाइल काढायच्या आधी तीन गोष्टी बघा. इमर्जन्सी एक्झिट कुठं आहे. बहुतेक वेळा उजव्या बाजूला किंवा मागं असतो. ब्रेक ग्लास लिहिलेली हातोडी जागेवर आहे का. आणि त्या दरवाजासमोर कुणी गाठोडी-पेट्या रचल्यात का. रचल्या असतील तर बोला. पुश म्हणजे ढकला, पुल म्हणजे ओढा, हे दोन शब्द दारावर नेहमी मारामारी करतात, ते आज पक्के करून टाका. नंबर पण लिहून घ्या, रेल्वेसाठी 139, आणि कुठल्याही संकटात 112.

राहता राहिलं बोलणं. महाराष्ट्रात आधी सरळ मराठीत विचारा. पण बाहेर गेलात तर? मी काही महिने बंगळुरूला होतो. तिथं मला कन्नड येत नव्हतं, समोरच्याला मराठी. तीन वाक्यांवर दिवस काढले. डझ धिस बस गो टू मॅजेस्टिक? ही बस मॅजेस्टिकला जाते का? विच प्लॅटफॉर्म? कुठला फलाट? आणि प्लीज टेल मी व्हेन इट कम्स, आलं की मला सांगा. तिसरं वाक्य सगळ्यात कामाचं. गंमत म्हणजे त्या मोठ्या बस स्थानकाचं अधिकृत नाव केंपेगौडा आहे, पण सगळे म्हणतात मॅजेस्टिक. म्हणजे तिथंही पाटीपेक्षा माणूसच कामी आला. व्याकरण चुकलं तर चुकू द्या. कंडक्टर मार्क देत नाही, तिकीट देतो.

जाता जाता घरचीच गोष्ट. मी आता पिंपरीत राहतो. मागं माझी आई पहिल्यांदा एकटी पुण्याला आली. मी म्हणलं, घ्यायला येतो. ती म्हणाली, "कायले येतं? मले तोंड नाही का?" रामवाडीला उतरली. स्टेशनवरच्या सुरक्षारक्षक ताईला वऱ्हाडीतच विचारलं, "बाई, पिंपरीची गाडी कोठून भेटते वं?" त्या ताईनं तिकीट काढायला मदत केली, इंटरचेंज समजावलं. आई त्याला वाशिमचा स्टँड म्हणते. "त्या वाशिमच्या स्टँडावर खाली उतरलो अन् दुसरी गाडी धरली," असं तिनं घरी आल्यावर सांगितलं. कुठं चुकली नाही, कुणाला घाबरली नाही. आणि मी बीटेक होऊन फास्टमध्ये बसून घाटकोपरला गेलो होतो. फरक इंग्रजीचा नव्हता. तिनं विचारलं, मी विचारलं नाही.

तर मंडळी, एवढं करा. पहिल्यांदा शहरात निघालेलं कुणी ओळखीचं असेल तर हा भाग त्याला पाठवा. आणि तुम्हाला फसवलेला एखादा शब्द असेल तर मला नक्की कळवा, पुढच्या वेळी सगळ्यांना सांगू. आणि हो, ठाण्याहून कांजूरला निघाला असाल तर काय पकडायची? अप स्लो! शाब्बास. भेटू पुढच्या भागात. तोवर जपून जा, दारात लटकू नका, आणि लाजू नका, विचारा.